‘नाही’ न म्हणण्याचं पुस्तक

४ फेब्रुवारी

चि. ठकू,

तुला मामा-मामीचे पोटभर आशीर्वाद. पत्र मिळाल्याबरोबर दोन ओळी टाक. मागच्या पाकिटाला तिकीट कमी लावलं की काय, या घोरात माझे तीन दिवस गेले. फोन करा म्हणशील. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्यात तुझी मामी बोलते.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक नाही. आमच्या धाकट्या मालकांनी दुकानात एक पुस्तक आणलं आहे. ‘हसतमुख सेवा’. एका कंपनीकडून योजनाच घेतली आहे म्हणे, त्यात पुस्तक, परीक्षा, सगळं आलं. आम्हां चौघांना एकेक प्रत दिली आणि सांगितलं, पाठ करा. मी सातवीत शाळा सोडली ती पाठांतर जमेना म्हणून. आता या वयात पुन्हा तेच पुढ्यात आलं.

पुस्तकात काय आहे ते सांगतो. गिऱ्हाईक दारात आल्यापासून सात सेकंदांत त्याचं स्वागत करायचं. परवा एक माणूस नुसता पत्ता विचारायला आत आला. आम्ही तिघे एकदम त्याच्यावर धावलो. तो उलट्या पावली पळाला, पत्ता न विचारताच.

दुसरं म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघत राहायचं. अगं, मी बसतो वीतभर उंचीच्या स्टुलावर. माझं काम पायाशी. एकतीस वर्षं मी लोकांचे पाय बघतोय, तोंडं नंतर बघतो, वेळ उरला तर. काल मान वर करून डोळ्यांत बघत बघत मी एका शाळामास्तरांच्या उजव्या पायात डावा बूट चढवला. ते बिचारे उठून दोन पावलं चालले आणि म्हणाले, “जरा वेगळं वाटतंय.”

आणि तिसरं, ज्याने माझी झोप उडवली आहे: ‘नाही’ हा शब्द बोलायचाच नाही. सहा नंबर शिल्लक नसला तरी नाही म्हणायचं नाही. बूट बसत नसला तरी नाही. आता बूट बसत नाही हे ‘नाही’शिवाय कसं सांगायचं, ते मला कोणी सांगेल का?

पुस्तकात एका माणसाचं चित्र आहे. त्याने बूट नाडीला धरून उचलला आहे, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसा. त्यावरून मी ओळखलं की पुस्तक काढणाऱ्यांपैकी कोणीही दुकानात उभं राहिलेलं नाही. वर प्रस्तावनेत लिहिलं आहे, ‘आमच्या तज्ज्ञ लेखिकेला पादत्राणांच्या व्यवसायाचा लहानपणापासून दीर्घ कौटुंबिक अनुभव आहे.’ नाव दिलेलं नाही. मला त्या कुटुंबाची कीव येते.

हसण्यावारी नेऊ नकोस. या महिन्यात कंपनी एक खोटं गिऱ्हाईक पाठवणार आहे. कोण, कधी, ते कळणार नाही. ते आम्हांला गुण देणार. जो नापास होईल त्याची रवानगी मागच्या गोदामात. गोदाम तू पाहिलेलं नाहीस. शिडी आणि खोकी, खोकी आणि शिडी. माझा गुडघा राहू दे बाजूला, पण तिथे पाय नाहीत ठकू. दिवसभरात एक पाय दिसायचा नाही. मी करू काय तिथे?

तू तिकडे एवढ्या मोठ्या ऑफिसात टेबलाचं काम करतेस. अशी पुस्तकं कोण लिहितं, तुला काही कल्पना?

वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा

१२ फेब्रुवारी

ती. मामांस,

नमस्कार. तिकीट पुरेसं होतं. पत्र पोचलं.

पुस्तक कोण लिहितं ते मला कसं ठाऊक असणार? पण मामा, लिहिणारीची बाजूही बघायला हवी. तिने पाचपन्नास पुस्तकं वाचली असतील, तक्ते काढले असतील, तिच्या साहेबांनी मसुदा चार वेळा परत पाठवला असेल. चित्रं तर ती काढतच नाही, ती वेगळा विभाग काढतो. आणि ‘नाही’चं म्हणाल, तर पान सतरावर तळाशी सोय दिली आहे की: ‘नाही’ऐवजी ‘आपण दुसरा पर्याय पाहू या’ असं म्हणायचं. थोडा सराव केलात तर जमेल.

माणसाला नकार ऐकायला आवडत नाही, एवढंच तिला म्हणायचं असेल. यात कीव करण्यासारखं काय आहे?

आणि गोदामाची धास्ती घेऊ नका. मामीला सांगा, स्वेटर मिळाला. अंगात शिरतो, पण निघत नाही.

तुमची,
ठकू

२० फेब्रुवारी

चि. ठकू,

आशीर्वाद. तुझं पत्र मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुस्तक काढून बघितलं, तर खरंच पान सतरा, आणि तळाशीच. मी म्हणालो, “बघ, पोरीला न बघता पान सांगता येतं.” मामी म्हणाली, “शिकलेल्यांचं असंच असतं, तुम्हांला घरातला चष्मा सापडत नाही.” शिवाय ती म्हणते, स्वेटर अंगातून निघत नसेल तर तू लठ्ठ झाली आहेस. मी मात्र म्हणालो की तिनेच गळा लहान विणला आहे. यावरून आमचं बोलणं बंद आहे.

तुझा सल्ला मानून घरी सराव केला. मामीने विचारलं, “भाजीत मीठ आहे का?” मी म्हणालो, “आपण दुसरा पर्याय पाहू या.” तिने ताट उचलून नेलं.

दुकानात सगळेच सराव करतायत. आमच्यातल्या लंबूला एका बाईने आठ नंबर मागितला, तर तो म्हणाला, “आपला नंबर सध्या दुसऱ्याच्या पायात आहे.” पैसे घेणाऱ्या चष्मेवाल्या बाई एरवी देवळातल्या मूर्तीसारख्या बसतात, त्यांनासुद्धा हसू आवरेना. हसतमुख सेवा एवढीच काय ती घडली.

आता खरं लिहितो. मंगळवारी संध्याकाळी चाळिशीच्या एक बाई आल्या. आत येताना त्यांनी घड्याळात पाहिलं. तेव्हा मला कळायला हवं होतं, पण मी पाय बघत होतो. पाय सुजलेले, मोजे काढले तर घोट्यावर चुणी उमटलेली. त्यांना पुढे निमुळता असलेला काळा जोड हवा होता. मी घालून पाहिला. कातडं आडवं सैल पडतं, लांबीला पडत नाही. त्यांचा अंगठा पुढे टेकला होता. त्यांनी विचारलं, “वापरून सैल होईल ना?”

पुस्तक डोळ्यांसमोर आलं. पर्याय, पर्याय, असं मनात म्हणालो. पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं. “नाही. हा नाही होणार. पंधरा दिवसांत नख काळं पडेल, मग मला शिव्या घालाल. मी तुम्हांला हा देणार नाही.” त्या म्हणाल्या, “पण मला हाच आवडलाय.” मी म्हणालो, “तुम्हांला आवडलाय, तुमच्या अंगठ्याला नाही.”

त्या काही न घेता गेल्या. दाराबाहेर उभं राहून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला काचेतून दिसलं. लंबू म्हणाला, “मामा, तुमची शिडी पक्की झाली.”

मी तेव्हापासून नीट जेवलेलो नाही. एकदा वाटतं, खोटंच बोलायला हवं होतं. लगेच त्यांचा अंगठा आठवतो. म्हणून मी त्या कंपनीला तक्रार लिहिली आहे. पत्ता पुस्तकाच्या मागे आहे, तुझ्याच शहरातला. माझं शुद्धलेखन तुला ठाऊक आहे. तू ऱ्हस्वदीर्घ तपास आणि स्वतः जाऊन दे, पोस्टाचा मला भरवसा नाही. मजकूर असा:

‘तज्ज्ञ बाईंना नमस्कार. आपलं पुस्तक वाचलं. आपण पाय पाहिलेले दिसत नाहीत. बुटाचं दुकान ही अशी जागा आहे जिथे माणूस अनोळखी माणसाच्या हातात आपला पाय देतो. तो खरं ऐकायला देतो. आपण आमचं खरं काढून घेतलंत आणि बदल्यात हसू दिलंत. आपण सहा महिने माझ्या स्टुलावर बसावं, मग पुस्तक लिहावं. मी पहिली प्रत घेईन. राग नसावा. एक जुना विक्रेता.’

‘राग नसावा’ ठेवू की काढू? तुला योग्य वाटेल ते कर.

तुझा,
मामा

३ मार्च

ती. मामांस,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, ऑफिसात गडबड होती.

तुमची तक्रार योग्य त्या टेबलावर पोचली आहे. मी स्वतः पाहिलं. ज्या बाईंसाठी होती त्यांनी ती वाचलीही आहे, दोनतीनदा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी दुरुस्त केल्या नाहीत, तशाच बऱ्या वाटल्या. ‘राग नसावा’ राहू दिलं.

निकालाची काळजी करू नका. मला आतून वाटतंय की सगळं चांगलं होईल.

स्वेटरचा गळाच लहान आहे, असं मामीला सांगू नका.

तुमची,
ठकू

१५ मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

निकाल लागला. मी पहिला आलो. शंभरात अठ्ठ्याण्णव! जन्मात मला इतके गुण कशातही पडलेले नाहीत. शेरा असा आहे: ‘संपूर्ण संभाषणात एकही नकारार्थी शब्द आढळला नाही. ग्राहकाच्या सोयीचा उत्तम विचार.’ ठकू, मी त्या बाईंना किती वेळा ‘नाही’ म्हणालो ते चष्मेवाल्या बाईंनी मोजलं होतं. चार वेळा. लंबू एकदाही म्हणाला नाही, त्याला बेचाळीस, जेमतेम पास.

तक्रारीचंही उत्तर आलं. दोन पानी, टाईप केलेलं. सुरुवातीला ‘आपल्या मौलिक सूचनेबद्दल आभार’ आणि शेवटी ‘आपण आमचे सहप्रवासी आहात’. मधे काय आहे ते मी तीनदा वाचलं. ‘नाही’ हा शब्द कुठेही नसल्यामुळे माझं म्हणणं मान्य झालं की फेटाळलं, ते कळायला मार्ग नाही.

पण खरी अडचण पुढे आहे. धाकट्या मालकांनी माझा हात हातात घेऊन हलवला, भिंतीवर फोटो लावला आणि मला ‘सेवा-मार्गदर्शक’ केलं. त्यांची आणखी दोन दुकानं आहेत, एक कपबश्यांचं आणि एक गाद्यांचं. एक तारखेपासून मी तिथे जाऊन तिथल्या माणसांना शिकवायचं. मी म्हणालो, “मालक, मला फक्त पाय कळतात.” ते म्हणाले, “मामा, विषय कोणताही असो, तत्त्व एकच. आणि पुस्तक आहे ना!”

माझं स्टूल लंबूला दिलं. तो त्यावर बसला की गुडघे कानाला लागतात. काल एका आजींच्या पायात बूट घालताना त्याने स्वतःच्याच हनुवटीवर गुडघा मारून घेतला.

मी गोदामाला भीत होतो, कारण तिथे पाय नाहीत. आता मला बढती देऊन तेच केलं. गादीच्या दुकानात तरी पाय कुठून येणार?

गुण चुकून पडले आहेत हे उघड आहे. दुसऱ्या कोणाचे तरी माझ्या नावावर चढले. सोमवारी मालकांना खरं सांगून टाकावं, कंपनीकडून कागद पुन्हा तपासून घ्या म्हणावं, असं मनात आहे. मामी म्हणते, “लोक नापास झाले की रडतात, तुम्ही पास झालात तरी रडता.” तू काय म्हणतेस ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा

१९ मार्च

मामा,

हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून जलद टपालाने पाठवते आहे. मालकांना काही सांगू नका. कागद तपासायला लावू नका.

चूक झालेली नाही. गुण मी बदलले.

त्या बाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. परत आल्यावर जेवणाच्या सुट्टीत सांगत होत्या, “एका म्हाताऱ्याने माझा पाय मांडीवर घेऊन मला वडिलांसारखं रागावलं आणि बूट देईना.” सगळे हसले. मीही हसले, मामा. मग त्यांचा कागद सहीसाठी माझ्याकडे आला. त्यांनी तुम्हांला एकतीस दिले होते. सहीचा अधिकार माझा आहे, कारण पुस्तक माझं आहे.

हो, ते पुस्तक मी लिहिलं. ‘दीर्घ कौटुंबिक अनुभव’ म्हणजे तुम्ही. मी आठ वर्षांची असताना एक दुपार तुमच्या दुकानात बसले होते, रिकाम्या खोक्यांची गाडी करून. नोकरीच्या अर्जात ते लिहिलं, साहेबांना आवडलं. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी सांगायचं होतं. मग कीव येते हे वाक्य वाचलं आणि धीर झाला नाही. ते दोन पानी उत्तरही माझंच. चार रात्री लागल्या. त्यात एक खरं वाक्य लिहायचा प्रयत्न केला होता, साहेबांनी काढलं.

कागद तपासले तर माझी नोकरी जाईल. ते चुकीचं ठरणार नाही, पण जाईल. तुम्ही जे ठरवाल ते मला कबूल आहे.

योजनेत एक कलम आहे. ज्या मार्गदर्शकाबद्दल तीन विक्रेते लेखी देतील की याचा काही उपयोग नाही, त्याला त्याच्या मूळ जागेवर परत पाठवतात. पण तुमच्याबद्दल तसं कोण लिहून देणार?

ठकू

८ एप्रिल

चि. ठकू,

आशीर्वाद. रागाने लिहायचा राहिलो होतो असं समजू नकोस. आधी राग आला, मग मामी बोलली, मग एक तारीख आली.

तुझं पत्र मी दारातच वाचलं आणि दारातच बसलो. मामीने काढून घेऊन वाचलं. मी म्हणालो, “पोरीने आपल्याला दोन महिने फसवलं.” ती म्हणाली, “तिने एक दुपार दुकान पाहून पुस्तक लिहिलं. तुम्ही एकतीस वर्षं पाहिलंत, एक ओळ लिहिली नाहीत. मग तीच लिहिणार की!” तिने त्याच दिवशी नवा स्वेटर घेतला विणायला, गळा मोठा धरून.

मालकांना मी काही सांगितलं नाही. सांगणार नाही. ते सोड.

पण स्टूल मला हवं आहे. म्हणून तुझं कलम मनात धरून मी कपबश्यांच्या दुकानात गेलो. ठरवलं होतं की अगदी निरुपयोगी व्हायचं. तिथल्या मुख्य विक्रेतीण बाई बावीस वर्षं कपबश्या विकतायत. त्यांनी मला बघून हात कमरेवर ठेवले. “बोला, काय शिकवणार?”

मी म्हणालो, “मला कपबश्यांतलं काही कळत नाही.”

“मग?”

“मग काही नाही. तुम्ही तुमचं काम करा, मी कोपऱ्यात बसतो.”

बसलो. त्या कप कसा विकतात ते पाहिलं. कान धरून नाही, तळव्यावर पालथा घालून टिचकी मारतात आणि गिऱ्हाइकाला आवाज ऐकवतात. तडा असेल तर आवाज बद्द येतो. एका कपाचा बद्द आला, तर त्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, “हा नको, ताई.” मला इतकं बरं वाटलं की मी टाळी वाजवणार होतो. संध्याकाळी बाई आणि त्यांच्या दोघी सोबतिणी, अशा तिघींनी माझ्याबद्दलचे कागद भरून दिले. ‘अत्यंत उपयुक्त. आमचा वेळ न घेणारे पहिले तज्ज्ञ. पुन्हा पाठवावेत.’

गाद्यांच्या दुकानात तेच. तिथल्या दोघांनी मला नव्या गादीवर झोपायला लावलं, मी तासभर झोपलो, आणि त्यांनी ‘उत्कृष्ट’ लिहून दिलं. मालक इतके खूश झाले की म्हणाले, “मामा, तुम्हांला आता कायमचंच हे काम देऊ.” मी काहीही न करता दिवसेंदिवस मोठा तज्ज्ञ होत चाललो होतो.

मग गेल्या शुक्रवारी मी पुन्हा कपबश्यांच्या दुकानात गेलो. तुझं पुस्तक बरोबर नेलं. भर गर्दीच्या वेळी तिघींना ओळीत उभं केलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागलो. मोठ्याने. प्रस्तावनेसकट. वाचायला मला वेळ लागतो, तुला माहीत आहे. गिऱ्हाइकं आली की सात सेकंद मोजून दाखवले. मुख्य बाई कपाला टिचकी मारत होत्या, तर मी म्हणालो, “कपाकडे नाही, डोळ्यांत बघा.” त्या डोळ्यांत बघायला गेल्या आणि कप हातातून सुटला. पान सतरापर्यंत पोचलो तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या होत्या. ठकू, ते तोंड मी ओळखलं. दोन महिने मी तेच तोंड घेऊन घरी येत होतो. थांबावंसं वाटलं. पण तरी वाचलं, शेवटपर्यंत.

“झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं,” मी म्हणालो. “आता माझ्याबद्दल कागद भरायचे असतात. मनात असेल ते लिहा. हात आखडता घेऊ नका.”

तिन्ही तक्रारी त्याच संध्याकाळी गेल्या. मालकांनी मला वाचून दाखवल्या, बिचारे खूप ओशाळले होते. माझं सांत्वनसुद्धा केलं. लंबूला स्टुलावरून उठवलं, त्याने देवाचे आभार मानले. मी परवापासून जागेवर आहे. आज बावीस जोड पाय पाहिले. एकाला नाही म्हणालो, तो हसला आणि दुसरा जोड घेऊन गेला.

तक्रारींची पत्रं आता तुझ्याकडे सहीला येतील. पहिलीत लिहिलं आहे की हा माणूस कामाच्या वेळी काम करू देत नाही. दुसरीत एका कपाची भरपाई मागितली आहे, ती मी देऊन टाकली. तिसरी मुख्य बाईंची आहे, एकाच ओळीची: ‘याने उभ्या जन्मात एक गिऱ्हाईक पाहिलेलं नाही.’

ते ऐकून आधी मला हसू आलं. मग वाईट वाटलं, एकतीस वर्षं झाली ना. मग घरी येताना लक्षात आलं की मी तिथे जे बोललो त्यात माझा एक शब्दही नव्हता, मी नुसतं तुझं पुस्तक वाचत होतो.

कागदावर नाव माझं आहे. तू सही कर, पण घाई करू नकोस. आधी नीट वाच.

तुझा,
मामा